तीन फ्रीज आणि धायरीची घोडी

पुण्याहून परतले तेव्हा शेजारच्या काकूंनी फाटकातच गाठलं. "काय काय पाहिलंस गं पुण्यात?" मी म्हटलं, "तीन फ्रीज आणि एक घोडी." त्यांना वाटलं मी टाळतेय. खरं तर मी टाळत नव्हते. ज्यांना पुण्याच्या पेठा, किल्ले आणि मिसळ यांविषयी वाचायचं असेल त्यांच्यासाठी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझ्या वाट्याला पुणं आलं ते असं.

मी नागपूरला जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते. डासांतून जनावरांना होणारे विषाणूंचे आजार, त्यातही मेंदूला सूज आणणारे, हा माझा विषय. डुकरांच्या आणि पाणपक्ष्यांच्या अंगात हे विषाणू वाढतात. डास त्यांना चावतो आणि मग घोड्याला किंवा माणसाला चावतो. एखादं घोडं अडखळायला लागलं की त्या भागातल्या डासांकडे संशयाने बघायचं असतं, पण त्यासाठी आधी त्या घोड्याचं रक्त कुणीतरी नीट तपासायला हवं. हे कुणाला जमतं आणि कुणाला नाही हे पाहण्याचं काम निघालं, आणि पुण्यातल्या तीन प्रयोगशाळा माझ्या गळ्यात पडल्या. त्यांची नावं मी सांगणार नाही.

पद्धत साधी आहे. आम्ही नागपुरात रक्तद्रवाच्या लहान कुप्या भरतो. काहींत आजाराची खूण असते, काहींत नसते, आणि वर फक्त आकडा लिहिलेला असतो. कोणत्या आकड्यात काय आहे ते मला ठाऊक असतं, तपासणाऱ्यांनी ते ओळखायचं. थोडक्यात, परीक्षा. कुप्यांत जिवंत असं काही नसतं, त्यामुळे धोका नाही, पण त्या शेवटपर्यंत थंड राहायला हव्यात. आणि मी तर गॅस बंद केला का हे बघायला तीन जिने परत चढून येणारी बाई. रात्रभराच्या प्रवासात बर्फाच्या डब्यावर हात ठेवूनच बसले होते.

सोमवार, विश्रांतवाडी

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मासे आहेत का?"

"नाही हो. औषधासारखं आहे."

"वास येणार असेल तर मागच्या रिक्षात बसा. त्याला सर्दी झालीय."

वास येणार नाही अशी हमी दिल्यावर त्याने बसू दिलं. नागपूरचा रिक्षावाला असता तर डब्यात काय आहे, कुठून आणलं, घरी कोण कोण असतं हे सगळं विचारून झालं असतं. इथे एका वाक्यात काम संपलं. डबा थेट पहिल्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवला आणि तापमानाचा काटा डोळ्यांनी पाहिला, तेव्हा कुठे मला भूक लागल्याचं कळलं.

त्या पहिल्या प्रयोगशाळेत दिवसभरात काहीच घडलं नाही, आणि आमच्या कामात ती उत्तम बातमी असते. संध्याकाळी उरलेल्या कुप्या दुसऱ्या ठिकाणी पोचवून मी विश्रांतवाडीला मावसबहिणीकडे, सुषमाकडे गेले. सुषमाचे यजमान सरकारी नोकरीनिमित्त भंडाऱ्याहून इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत पुरते पुणेकर झाले. आम्ही त्यांना भाऊजी म्हणतो.

"ताई, तुम्ही पुण्यात परीक्षा घ्यायला आलात?" त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं. "धाडस आहे. इथे लोक परीक्षकाचीच घेतात."

"तुम्ही घाबरवू नका तिला," सुषमा आतून म्हणाली. "ती आधीच घाबरलेली असते."

सकाळी खालच्या विहारातून वंदनेचे सूर आले आणि क्षणभर मी घरीच आहे असं वाटलं. मग पोहे आले. वर ओलं खोबरं आणि सोबत तर्रीचा पत्ता नाही. सुषमा आता पोह्यांत साखरही घालते. मी एक घास घेऊन तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "अगं, सवय झाली." पण तिने फडताळातून लाल तिखटाची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली, तेव्हा सवय पुरती झालेली नाही हे दोघींनाही समजलं.

मंगळवार, येरवड्याच्या पलीकडे

दुसरी प्रयोगशाळा येरवडा ओलांडून गेल्यावर एका जुन्या आवारात आहे. तिचे प्रमुख डॉ. शिरोळे बेताचं बोलणारे आणि कडक इस्त्रीचे गृहस्थ. त्यांच्या हाताखाली अर्चना नावाच्या तंत्रज्ञ, चाळिशीच्या, हात अगदी स्थिर. असे हात दिसले की मला बरं वाटतं.

सगळं लखलखीत होतं. फरशी, काचा, ओटे, आणि यंत्रावर नवं कोरं आच्छादन. दिवसभर मी फ्रीज, हातमोजे, कचऱ्याच्या पिशव्या आणि हात धुण्याची पद्धत बघत हिंडले, आणि काही खोट सापडत नाही म्हणून आणखी अस्वस्थ होत गेले. डॉ. शिरोळे म्हणाले, "शोधा, शोधा. सापडलं तर आम्हालाही सांगा." खरी चाचणी बुधवारी लावायची ठरली. गुरुवारी त्या भागात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद राहणार होती. पुण्यात गुरुवारचं असंच असतं म्हणे, आणि लोक ते ऋतू बदलल्यासारखं स्वीकारतात.

निघताना फाटकाजवळच्या बाकावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता. डोक्याला टोपी, अंगात पांढरा शर्ट, शर्टावर घोड्याचे केस. मला बघून उठला.

"मॅडम, तुमी डाक्टर हाय का?"

"हो, पण इथली नाही."

"कुठली का असंना. चांदणीचा रिपोर्ट आला का तेवढं बघा की. कारकून म्हनतोय शुक्रवारी या."

त्यांचं नाव सोपानराव. धायरीत राहतात आणि लग्नाच्या वरातींना घोडी देतात. शनिवारी वरात करून आणलेली चांदणी रविवारी सकाळी मागच्या पायांत लटपटायला लागली. तोंड भिंतीला लावून उभी राहिली, अंग तापलं आणि चारा सोडला. गावातल्या डॉक्टरांनी रक्त काढून दिलं, ते सोपानरावांनी सोमवारी स्वतः इथे आणून पोचवलं.

"कुत्रं चावलं होतं का तिला?" मी विचारलं.

"न्हाय. तरी घरातल्या समद्यांनी सुया चालू केल्यात. डाक्टरच म्हनले, इषाची परीक्षा नगं." ते थांबले. "माझं इचारनं येगळंच हाय. तिला शिंगरू हाय, जेमतेम म्हयन्याचं. लोक म्हनत्यात दुधातनं त्यालाबी जाईल, काढ बाजूला. कोन म्हनतंय आय मेली तर मरू दे, पोर तरी वाचंल. ठिवू का काढू, येवढंच सांगा."

मला अंदाज होता. पावसाळा नुकता सरलेला, पाय लटपटताहेत, ताप आहे, म्हणजे बहुतेक डासाचंच. आणि डासाचं असेल तर घोडं हा त्या विषाणूचा शेवटचा थांबा असतो. एका घोड्यापासून दुसऱ्याला तो जात नाही, शिंगरू खुशाल आईपाशी ठेवावं. पण बहुतेक म्हणजे नक्की नव्हे. नेमकं पिसाळल्याचं निघालं तर? मी सांगितलं म्हणून शिंगरू आणि घरची माणसं तिच्या तोंडाशी राहिली तर?

"रिपोर्ट आल्याशिवाय नाही सांगता येणार," मी म्हटलं.

"शुक्रवारपत्तुर कोन थांबनार, मॅडम?"

ते बाकावर परत बसले. सुषमाकडे जाईपर्यंत आणि जेवतानाही मला ते शिंगरूच दिसत होतं. मी न पाहिलेलं, आणि तरी दिसणारं.

बुधवार, तिथेच

सकाळी चाचणीची प्लेट मांडायला घेतली. ही प्लेट म्हणजे हाताच्या पंजाएवढा प्लास्टिकचा ट्रे, त्यात बारीक खळग्यांच्या रांगा. एकेका खळग्यात एकेक नमुना घालायचा, वर औषधं घालत जायची, आणि शेवटी आजाराची खूण असेल तर तो खळगा पिवळा होतो. अर्चना औषधं काढायला फ्रीज उघडत होत्या, मी मागे उभी राहून बघत होते. सवयीप्रमाणे सगळ्या कप्प्यांवरून नजर फिरवली. मधल्या कप्प्यात एका रॅकमध्ये एकच कुपी उभी होती. तिच्यावर लिहिलं होतं, चांदणी, धायरी.

"ही लावली नाही?" मी विचारलं.

अर्चनांनी डॉ. शिरोळ्यांकडे पाहिलं.

"आपलाच निरोप होता," ते म्हणाले. "चाचणीआधी यंत्रावर दुसरं काही नको. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणालात."

म्हणाले होते. सगळीकडे म्हणते. आधीच्या कामाचा अंश यंत्रात राहू नये म्हणून चाचणीच्या सकाळी यंत्र स्वच्छ आणि मोकळं ठेवा, इतकंच मला म्हणायचं होतं. यांनी सोमवारपासूनच सगळं बंद ठेवलं होतं. पाहुण्यांसाठी घासून ठेवलेल्या ताटांत घरच्यांनी जेवायचं नाही, तसं. दोन दिवस यंत्र झाकून ठेवलं, येणारे नमुने ओळीने फ्रीजमध्ये, आणि विचारायला येणाऱ्यांना शुक्रवार.

"पण मी त्या सकाळपुरतं म्हणाले होते."

"तसं नेमकं म्हणाला नव्हतात," ते शांतपणे म्हणाले. "आणि आम्ही पासापुरते मार्क मिळवणारे नाही."

मला त्यांचा राग आला आणि लगेच कळलं की राग यायला मला जागा नाही. सोपानराव काल त्या बाकावर बसले होते आणि मी त्यांना रिपोर्टची वाट बघायला सांगत होते. ती वाट माझ्याचमुळे बघावी लागत होती.

आता लावावी तर कशी? आमच्या कुप्यांच्या चाचणीला अख्खा दिवस जातो. उद्या वीज नाही. म्हणजे शुक्रवारच. मी प्लेटकडे पाहिलं. आमच्या मांडणीत शेवटच्या दोन रांगा रिकाम्या राहत होत्या.

"शेवटच्या रांगेत चांदणीचा नमुना लावू," मी म्हटलं.

"परीक्षेच्या प्लेटमध्ये?" डॉ. शिरोळ्यांचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "बाहेरचा नमुना? उद्या कुणी म्हणालं की त्याचे थेंब शेजारच्या खळग्यात गेले, तर आमचे निकाल धरणार का तुम्ही? नियम तुमचा आहे."

ते बरोबर बोलत होते. नागपूरला साहेबांना फोन करून विचारावं असं मनात आलं. पण ते नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. "धरेन," मी म्हटलं. "मीच लिहीन की मी सांगितलं."

शिरोळ्यांनी प्लेटच्या रिकाम्या रांगांकडे पाहिलं. मग म्हणाले, "अर्चना, शेवटची रांग. मध्ये एक रांग मोकळी सोडा."

दुपारी डबे उघडले. डॉ. शिरोळ्यांनी मला त्यांच्यातली भेंडी दिली, चांगली होती म्हणे. मला चव आठवत नाही. चार वाजायच्या सुमारास अर्चनांनी शेवटचं औषध घालायला घेतलं. आमच्या कुप्यांचे खळगे हवे तिथे पिवळे झाले आणि नको तिथे स्वच्छ राहिले, एकही चूक नाही. डॉ. शिरोळ्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. शेवटच्या रांगेतल्या चांदणीच्या दोन्ही खळग्यांत गडद पिवळा रंग आला. यंत्राने आकडा दाखवला आणि शंका उरली नाही. डासांतून येणाऱ्या या विषाणूंत भावकी फार असते, त्यातला नेमका कोणता ते ओळखायला आणखी एक चाचणी लागणार होती. पण सोपानरावांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. शिंगरू ठेवा.

कुपीवरच्या नंबरवर फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. सुषमाकडे जाईपर्यंत रिक्षात मी तो लावतच राहिले. एक निरोप लिहून पाठवला. तो पोचल्याची खूण आली नाही.

गुरुवार, धायरी

वीज नसल्याने दुसऱ्या दिवशी मला सुट्टीच होती, तिसऱ्या प्रयोगशाळेचं काम शुक्रवारी होतं. सुषमाने डबा बांधून दिला आणि भाऊजी म्हणाले, "सिंहगड रस्त्याने जाताय ना, मग डबा रस्त्यातच संपेल." खरं निघालं. धायरी फाट्यापर्यंत गाडी मुंगीच्या पावलांनी गेली, आणि एकेका सिग्नलला मी उगाचच त्या बंद फोनवर बोट ठेवत होते.

धायरी पूर्वी गाव होतं आणि अजूनही मधूनमधून दिसतं. उंच इमारतींच्या दोन रांगांमध्ये अचानक एक देऊळ, चार गोठे, एक आड. विचारत विचारत गेले तर एका सोसायटीच्या कुंपणाला लागून सोपानरावांचं आवार. ताडपत्रीखाली लग्नाची बग्गी, तिच्या चाकाशी पाण्याचं डबकं, आणि पलीकडच्या नाल्यात डुकरं. डास शोधायला यंत्र लागत नव्हतं. एक माझ्या मनगटावरच बसला.

चांदणी उभी होती. ते बघून मला रडू आलं. भिंतीला टेकून, मान खाली, पण उभी होती, आणि पुढ्यातल्या गवताची काडी ओठांत घोळवत होती. सोपानरावांच्या बायको, मंगलताई, तिच्या मानेवरून ओलं फडकं फिरवत होत्या. शिंगरू कुठे दिसलं नाही.

"मोबाईल काल पान्यात पडला," सोपानराव म्हणाले. "चांदणीला पाजताना. तुमी येवढ्या लांब?"

"रिपोर्ट आला. डासाचं आहे. तिच्यापासून कुणाला होत नाही. शिंगरू कुठे आहे?"

त्यांनी मंगलताईंकडे पाहिलं. "काल सकाळी धाडलं. खेड शिवापूरला, मेव्हण्याकडं. मंगळवारी रातच्याला समदे बसले हुते, म्हनले, आजून थांबलास तर दोनी जातील."

"ते बाटली तोंडात घेईना झालंय," मंगलताई म्हणाल्या. "भाऊचा फोन आलता शेजारनीकडं. कालधरनं नुसतं वरडतंय."

"आणा," मी म्हटलं. "आत्ता आणा त्याला."

सोपानराव शेजारणीच्या फोनवरून बोलले. मेव्हण्याचा टेम्पो यायला दुपार होणार होती. तोवर मंगलताईंनी मला उपाशी बसू दिलं नाही. सुषमाचा डबा खरंच रस्त्यात संपला होता. भाकरी, मिरचीचा खर्डा, वांग्याची भाजी. नागपूरला मी ज्वारीची भाकरी खाते, ती जाड आणि लहान असते, ही पातळ आणि ताटाएवढी होती. मी खात होते आणि रस्त्याकडे बघत होते. मंगलताईसुद्धा रस्त्याकडेच बघत होत्या.

"आजारात दूध तसंबी कमी झालं हुतं," त्या मधेच म्हणाल्या. "वढायला पोर न्हाय. काल संध्याकाळी बघितलं, तर कास मऊ पडल्याली."

पिलाने ओढलं नाही की दूध आटतं, मला माहीत होतं ते. पुस्तकात असतं. पण पुस्तकात कुणी असं हात पुसत, तुमच्याकडे न बघता सांगत नाही.

टेम्पो आला तेव्हा ऊन कललं होतं. शिंगरू तपकिरी, सगळे पायच पाय, डोळ्यांत घाण साचलेली. मेव्हण्याने खाली उतरवलं तसं ते थरथरत उभं राहिलं आणि मग कुणी काही न सांगता सरळ चांदणीकडे गेलं. चांदणीने मान वळवली. नाक त्याच्या पाठीवर टेकवलं आणि आतून एक बारीक आवाज काढला, घोडी पिलाशीच काढते तसा. मंगलताई तोंडावर पदर घेऊन आत गेल्या.

शिंगराने कासेला तोंड लावलं. ओढलं, सोडलं, डोक्याने धडक दिली, पुन्हा ओढलं. काही येत नव्हतं. ते थांबेना. चांदणी पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत, त्याला करू देत होती.

मंगलताई गाईचं दूध पातळ करून बाटलीत भरून घेऊन आल्या. सोपानराव बाटली घेऊन शिंगराशेजारी उकिडवे बसले. शिंगरू बाटलीकडे ढुंकून बघेना.

"येईल का परत दूध?" त्यांनी विचारलं.

"ओढत राहिलं तर थोडंफार येईल कदाचित. तोवर बाटलीनेच पाजावं लागेल. ही घेतली नाही तर..."

"हं." मग बाटलीकडे बघतच ते म्हणाले, "येक इचारू का, मॅडम? रगत सोमवारी दिलं हुतं. मशीन बिघडली हुती का तिकडं?"

हो म्हणता आलं असतं. सरकारी यंत्र बिघडलं म्हटलं की आपल्याकडे कुणी पुढे विचारत नाही.

"नाही," मी म्हटलं. "यंत्र चांगलं होतं. मी तपासायला येणार म्हणून दोन दिवस मोकळं ठेवलं होतं. मीच सांगितलं होतं तसं."

त्यांनी मान वर केली. रागावतील असं वाटलं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"म्हंजी चालूच हुती की," ते म्हणाले.

"हो."

शिंगराने पुन्हा कासेला धडक दिली. सोपानरावांनी बाटली माझ्या हातात दिली, "धरा जरा," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड आईपासून सोडवून माझ्याकडे वळवलं.